पहाटेचा पारा

डिसेंबर लागला की नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात सकाळच्या पहिल्या चहाबरोबर एक प्रश्न हमखास येतो : ‘निफाड किती?’ पुढे काही सांगावे लागत नाही. विचारणाऱ्याला निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पहाटेचा किमान पारा हवा असतो, आणि टपरीवरच्या कुणाला तरी तो ठाऊक असतोच. आकडा सहाच्या खाली गेला असेल तर बोलणे लगेच आपल्या शिवारावर येते. आज रात्री वारा पडेल का, आभाळ निरभ्र राहील का, मीना नदीच्या खोऱ्यात पारा कुठवर उतरेल, आणि उद्या पहाटे ओढ्याकाठच्या गवतावर पांढरे दिसेल का.

या बोलण्यात दोन प्रकारची माणसे असतात. एकांना ती पांढरी पहाट हवी असते. आपल्या मातीत, आपल्या बांधावर एकदा तरी बर्फ दिसावा म्हणून ती दिवाळीपासून वाऱ्याची दिशा पाहत असतात. दुसऱ्यांना ती पहाट अजिबात नको असते, कारण त्यांची द्राक्षे मण्यांवर आलेली असतात आणि टोमॅटोचे प्लॉट बांधलेले असतात. जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत ही दोन माणसे पुष्कळदा एकाच घरात राहतात. मुलगा रात्री अकराला उपग्रहाचे चित्र पाहतो आणि आभाळ मोकळे झाले म्हणून हरखतो. बाप त्याच मोकळ्या आभाळाकडे बघत बागेत शेकोट्या कुठे रचायच्या याचा हिशेब करतो. ही पुस्तिका त्या दोघांसाठी लिहिली आहे. दोघांचे डोळे एकाच पाऱ्याकडे लागलेले असतात, म्हणून दोघांनी मिळून एकच वही ठेवावी, एवढेच मला या पानांतून सांगायचे आहे. हौशी माणसाजवळ पहाटे उठण्याची चिकाटी असते. शेतकऱ्याला आपल्या रानातला कोणता कोपरा आधी गारठतो हे माहीत असते. यातले एक दुसऱ्यावाचून अपुरे आहे.

आधी सर्वांत मोठ्या आशेविषयी. आकाशातून भुरभुरत येणारा हिमपात जुन्नरला, आंबेगावला, किंबहुना सह्याद्रीच्या कुठल्याही माथ्यावर होईल का? होणार नाही. हे मी थंडीवेड्यांचा हिरमोड करायला सांगत नाही. तो का होत नाही हे उमजले की आपल्या हिवाळ्याची जडणघडण उलगडते, आणि मग जे खरोखर घडते त्याची ओढ अधिक लागते.

हिमपातासाठी ढगापासून जमिनीपर्यंतचा बहुतेक सगळा हवेचा थर शून्याच्या आसपास किंवा त्याखाली असावा लागतो. महाराष्ट्रावर ऐन हिवाळ्यातही शून्य अंशाची पातळी चार किलोमीटरच्या वर असते. जुन्नर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, हरिश्चंद्रगड १४२४ मीटर आणि राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्याही डोक्यावर अडीच किलोमीटरच्या आसपास उबदार हवा उभी असते. उंच ढगातून निघालेला हिमस्फटिक त्या हवेतून खाली येताना वितळतो आणि आपल्या अंगणात थेंब होऊन पडतो. हिवाळ्यात पडणाऱ्या अवकाळी पावसाचे कितीतरी थेंब वर असताना बर्फच असतात.

‘पण आपण उष्ण कटिबंधात आहोत, मग हे व्हायचेच,’ असे कुणी म्हणेल. नुसत्या अक्षांशाने हा प्रश्न सुटत नाही. मेक्सिकोतले ग्वादालाहारा शहर २०.७ अंश उत्तरेला आहे, नाशिकहून थोडेसेच वर. उंची साडेपंधराशे मीटरच्या घरात, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडाहून जराशी जास्त. तिथे १३ डिसेंबर १९९७ रोजी बर्फ पडला आणि रस्ते, छपरे, बागा पांढऱ्या झाल्या. तिथे जे घडले ते इथे का घडत नाही? उत्तर अमेरिकेत पूर्व-पश्चिम आडवी अशी पर्वताची भिंत नाही. ध्रुवाकडची जड, थंड हवा कॅनडाच्या मैदानातून सुटली की मेक्सिकोच्या आखातापर्यंत तिला कुणी अडवत नाही. २१ जानेवारी २०२५ रोजी अशाच हवेने न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे २० सेंटिमीटर बर्फाचा थर टाकला, आणि ह्यूस्टनकडे राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनीही आपल्या अंगणात बर्फ पाहिला. त्या भागातले हवामानाचे वेडे लोक असा दिवस वर्षानुवर्षे मनात धरून बसलेले असतात. त्यांची आशा विरळ असली तरी निराधार नसते. आपल्या उत्तरेला मात्र हिमालय आणि त्यामागे तिबेटचे पठार आहे. सैबेरियाची हवा तिथेच थोपते. आपल्यापर्यंत येते ती भिंतीच्या अलीकडची थंडी.

ही अलीकडची थंडी कशी येते, हे ओळखणे थंडीवेड्याचे पहिले शिक्षण. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात आणि पूर्वेकडे सरकतात. ते पुढे गेले की मागे आभाळ स्वच्छ होते आणि उत्तरेचा कोरडा वारा राजस्थान, माळवा, खानदेश असा उतरत येतो. म्हणून सिमल्याला बर्फ पडल्याची बातमी आली की इथली जाणती माणसे पुढचे दोन-चार दिवस धुळे, जळगाव आणि निफाडचे आकडे ओळीने बघतात. तिथे पारा घसरला की आपली पाळी जवळ आली म्हणायची. डिसेंबर २०१८ च्या अखेरीला निफाडला १.८ अंश नोंदले गेले आणि २९ डिसेंबरला नागपूर ३.५ अंशांवर आले, तो आठवडा या वेडाच्या माणसांना अजून तोंडपाठ आहे.

आणि हातातोंडाशी आलेली थंडी कशी निसटते, तेही इथेच शिकायला मिळते. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवसांत पुणे परिसरात पारा एकअंकी झाला होता. हंगाम मोठा जाणार असे वाटत असतानाच बंगालच्या उपसागरात ‘फेंगल’ चक्रीवादळ उठले आणि ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागले. त्याने पूर्वेकडचा दमटपणा इतका आत लोटला की चार दिवसांत इथल्या रात्री उबदार झाल्या, आभाळ भरून आले आणि स्वेटर पुन्हा खुंटीवर गेले. बर्फासाठी गारठा आणि ओल ही दोन्ही एका वेळी लागतात. आपल्याकडे गारठा येतो उत्तरेकडून, तो कोरडा. ओल येते समुद्राकडून, ती ऊबदार. एक आत आली की दुसरी बाहेर जाते. हा विरोध इथल्या हिवाळ्याच्या मुळाशी आहे, आणि हिमपाताची वाट पाहणाऱ्याने तो मनात पक्का धरावा.

मग पहाटे दिसते ते पांढरे काय असते? ते वरून पडत नाही. ते जागच्या जागी तयार होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या परिसरात डिसेंबर ते फेब्रुवारीच्या काही पहाटे दव गोठते. गवत, स्ट्रॉबेरीचे वाफे, उभ्या गाड्यांचे टप, तलावाची जेटी यांवर हिमकणांची साय धरते. वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि पर्यटक अंधारातच तिकडे धावतात. याच वेळी वेधशाळेच्या पेटीतला पारा मात्र शून्याच्या कितीतरी वर असतो. पुष्कळांना यात काहीतरी चुकल्यासारखे वाटते. चुकत काहीच नाही. दोन वेगळ्या जागांचे ते दोन खरे आकडे आहेत.

वेधशाळेचा तापमापक लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. तो हवेचे तापमान सांगतो. गवताचे पाते, गाडीचा पत्रा, कोरडी माती रात्रभर आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेकत असतात. ढग असले तर ते त्यातली बरीच उष्णता परत पाठवतात. दमट हवाही अडवते. पण आभाळ स्वच्छ, हवा कोरडी, वारा पडलेला आणि रात्र लांब असली की जमिनीजवळच्या वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होत जातात. पाते शून्याच्या खाली गेले आणि आसपास तलावाची, ओढ्याची थोडी वाफ असली की तिचेच पात्यावर स्फटिक होतात. ज्या निरभ्र रात्री वरून काही पडण्याची सुतराम शक्यता नसते, त्याच रात्री जमीन पांढरी होण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.

हे ज्ञान आपल्या देशात फार जुने आहे. १७७५ साली सर रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अलाहाबादकडे बर्फ कसा करतात त्याचे वर्णन ठेवले. उघड्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाला उसाचा किंवा मक्याचा वाळलेला कडबा जाड अंथरायचा, त्यावर कच्च्या मातीच्या उथळ परळांत पाणी ओतून संध्याकाळी मांडून ठेवायचे. हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी स्वच्छ, निवांत रात्री पहाटेपर्यंत पाण्यावर बर्फ धरे, आणि सूर्य उगवायच्या आत तो गोळा करत. कडबा जमिनीची ऊब परळापर्यंत येऊ देत नसे आणि वरचे आकाश पाण्याची उष्णता ओढून घेई. त्या कामगारांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, पण कोणत्या रात्री परळ मांडायचे आणि कोणत्या रात्री नाही हे त्यांना नेमके ठाऊक होते. हवामानाचा अंदाज बांधणाऱ्यांच्या परंपरेत मी त्यांना फार वरचे स्थान देतो.

जमिनीलगतच्या या थंडीवरचे एक मोठे संशोधन आपल्या पुण्यात झाले, आणि पुणे जिल्ह्यातल्या शाळांतून ते शिकवले जात नाही याची मला मनापासून खंत वाटते. १९२८ मध्ये भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरमधल्या त्याच्या दगडी इमारतीला जुने पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात. १९३२ मध्ये तिथे कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली आणि तिची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. जगभरच्या पुस्तकांत तेव्हा असे होते की निरभ्र, निवांत रात्री जमिनीचा पृष्ठभाग सर्वांत थंड असतो आणि वर जावे तसे तापमान वाढत जाते. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीला तापमापक लावले, आणि त्यांना वेगळेच दिसले. सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नव्हती. ती वीतभर ते दीड-दोन फूट उंचीवर, मातीपेक्षा काही अंशांनी अधिक गार अशी तरंगत होती.

१९३२ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा परदेशातल्या अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. थंड हवा जड, ती हलक्या हवेवर तरंगेल कशी? उपकरणेच चुकली असतील, असे म्हटले गेले. पुढे जर्मन संशोधक राश्के यांनी पुण्याच्याच उघड्या जमिनीवर मोजमाप करून १९५७ मध्ये त्याला दुजोरा दिला, आणि १९९३ मध्ये बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचे उष्णता-उत्सर्जनाचे गणित मांडले. आज जगभर त्या पट्ट्याला रामदास थर म्हणतात. उघड्या, कोरड्या जमिनीवर वीत ते दोन फूट या उंचीत आपल्याकडे हिवाळ्यात काय उभे असते ते पाहा : टोमॅटोचे नुकते लावलेले रोप, कांद्याची पात, हरभऱ्याचे झाड. द्राक्षाचा मांडव त्या थराच्या वर राहतो. म्हणून पेटीतला आकडा सहा असताना कुणाच्या टोमॅटोची पाने काळवंडली, तर तो शेतकरी अतिशयोक्ती करत नसतो. त्याचे रोप जिथे उभे आहे तिथली थंडी कुणी मोजलेलीच नसते.

आता आपल्या दोन तालुक्यांच्या भूगोलाकडे येऊ. हवामान विभागाची स्वयंचलित केंद्रे जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात, बल्लाळवाडीला आणि निमगिरीला आहेत. शिवाय राज्य सरकारच्या ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर राज्यभर दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. हे जाळे मोठेच आहे आणि त्याचा उपयोग प्रत्येकाने करावा. पण जुन्नर-आंबेगावची जमीन सपाट नाही. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकरचा कडा, तिथून पूर्वेला पुष्पावती, कुकडी, मीना, घोड अशी एकमेकींना समांतर खोरी, मधे डोंगरांच्या रांगा, आणि खोऱ्यांत पिंपळगाव जोगे, माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणे. अशा मुलखात एका मंडळात एक केंद्र ठेवून पहाटेची थंडी हाती लागत नाही.

कारण रात्री गारठलेली हवा पाण्यासारखी उताराला लागते. डोंगरकुशीतून ओढ्यात, ओढ्यातून नदीकाठच्या खोलगट रानात ती साचत जाते. त्यामुळे पुष्कळदा डोंगराचा मधला उतार तळापेक्षा उबदार राहतो. गडावर मुक्काम करणारे भटके ‘सगळ्यात जास्त थंडी आम्ही खाल्ली’ असे सांगतात. वाऱ्याने ती तशी वाटतेही. पण वारा पडलेल्या पहाटे पायथ्याच्या खिरेश्वरचे खोलगट शेत माथ्यापेक्षा गार असू शकते. धरणाच्या अगदी काठाला पाण्याची ऊब पारा खाली उतरू देत नाही. काठापासून जरा लांब, जिथे धरणाची वाफ पोचते पण ऊब पोचत नाही आणि जमीन खोलगट आहे, तिथे दव गोठायची शक्यता जास्त. पांढऱ्या पहाटेच्या शोधात निघालेल्याने गडाची वाट धरण्यापेक्षा अशा जागा धुंडाळाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

या मुलखात हवामानाचे वेड घेऊन फिरणारे आपण पहिले नाही. कंपनी सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२० च्या दशकात दख्खनभर वायुभारमापक आणि तापमापक घेऊन हिंडत होता. त्याच्या नोंदींवरचा दख्खनच्या हवामानाचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर उभे असताना कोकणातून वर आलेल्या धुक्यात आपल्याच सावलीभोवती उमटलेली पूर्ण गोल इंद्रधनुष्ये त्याने पाहिली आणि लिहून ठेवली. आज कोकणकड्यावर लोक त्यालाच इंद्रवज्र म्हणून पाहायला जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नारायणगावजवळच्या हिवऱ्याला औषधी वनस्पतींची सरकारी बाग होती आणि ती डॉ. अलेक्झांडर गिब्सन सांभाळत. ते पुढे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले आणि जंगल तुटले की झरे कसे आटतात याविषयी लिहीत राहिले. ही माणसे परकी सत्तेची चाकर होती, हे विसरायचे कारण नाही. पण रोज त्याच वेळी तोच पारा वाचून लिहिणे ही शिस्त त्यांच्याकडून घ्यावी, आणि त्यांच्या नोंदीत जे नव्हते ते, म्हणजे रान कसणाऱ्याचे ज्ञान, आपण त्यात भरावे.

एका गोष्टीची गल्लत दरवर्षी होते, म्हणून ती इथेच मिटवतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गारपीट झाली आणि शिवार पांढरे झाले की ‘आमच्याकडे काश्मीर झाले’ म्हणून फोटो फिरतात. गारेचा थंडीशी संबंध नाही. तिला जमिनीवरची तापलेली, दमट हवा लागते. ती जोराने वर उसळते, दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो, त्यात शून्याच्या पातळीच्या वर पाण्याचे थेंब गोठतात, वरखाली हेलकावे खात थरावर थर चढवून घेतात आणि वितळायला वेळ न मिळता खाली आदळतात. म्हणून आपल्याकडे आकाशातून खरोखर पडणारा बर्फ उन्हाळ्याच्या तोंडाशी पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्र कधी विसरणार नाही. पंधरा-वीस दिवस ती वेगवेगळ्या जिल्ह्यांना झोडपत राहिली. उभा गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंबे गेली, पक्षी आणि जनावरे मेली. त्या पांढऱ्या शिवाराचा फोटो काढताना हात थांबला पाहिजे, असे मला वाटते. नोंद मात्र जरूर करावी : गारेचा आकार, किती मिनिटे पडली, वारा कुठून होता. पुढे पंचनाम्याच्या वेळी याच गोष्टी कामी येतात.

थंडी ही सरसकट शत्रू नाही, हेही शेतकरीच सांगतो. गव्हाला आणि हरभऱ्याला ती मानवते. जुन्नरच्या काळ्या द्राक्षांना रात्रीचा गारवा रंग चढवतो. पण पारा आठ-नऊच्या खाली जाऊन तिथेच बसला की मण्यांची फुगवण थांबते, हिरव्या वाणांत मणी गुलाबी पडतात, आणि मालाची प्रत उतरते. त्यानंतर अचानक ढगाळ झाले की भुरीचे भय. म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटतात. शेकोटीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसत्या धुराने बाग वाचत नाही. धूर जमिनीची उष्णता फारशी अडवत नाही. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा आणि त्या उबेने हवा ढवळली जाते त्याचा. म्हणून धुमसणारा एक मोठा ढीग करण्यापेक्षा बागेत विखुरलेले छोटे जाळ बरे. त्याहून बरे म्हणजे संध्याकाळी पाणी देऊन माती ओली ठेवणे. ओली माती दिवसाची ऊब अधिक साठवते आणि रात्री हळूहळू सोडते.

पण पाणी द्यायचे म्हणजे मोटर चालली पाहिजे, आणि शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. रात्री उसाच्या कडेने बॅटरी घेऊन पाणी धरायला जाणे म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावात कुणाला सांगायची गरज नाही. बिबट्याचा वावर असलेल्या या पट्ट्यात दिवसा वीज ही मागणी जीव वाचवण्याची मागणी आहे. थंडीची नोंद करणाऱ्या मुलांनीही हे डोक्यात ठेवावे. पहाटे साडेपाचला एकट्याने उसाच्या बांधावर जाऊन पारा वाचण्याची मुळीच गरज नाही. कमाल-किमान तापमापक रात्रीचा सर्वांत खालचा आकडा स्वतःच धरून ठेवतो. तो सूर्य वर आल्यावर, सोबतीने जाऊन वाचता येतो.

याच रात्री विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांची कुटुंबे पाचटाच्या कोप्यांत झोपलेली असतात. त्यांत तान्ही मुले असतात. पश्चिमेच्या आदिवासी वाड्यांत कुडाच्या भिंतींतून वारा येतो. ‘आज रेकॉर्ड तुटणार’ म्हणून आपण आनंदाने जागतो तेव्हा तोच आकडा कुणासाठी रात्र काढण्याचा प्रश्न असतो. म्हणून थंडीवेड्यांच्या गटाने आपला अंदाज आधी या वस्त्यांपर्यंत पोचवावा, मग आपसांत चर्चा करावी. उत्तरेचा वारा धुळ्याला पोचला की आपल्या हाती एखाद-दुसरा दिवस असतो. तेवढ्यात घोंगड्या, ताडपत्र्या, सरपण यांची व्यवस्था होऊ शकते. या वेडाचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

‘थंडीची लाट’ हा शब्द मात्र जपून वापरावा. सपाट प्रदेशात किमान पारा १० अंशांवर किंवा त्याखाली असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक खाली गेला असेल, तेव्हा हवामान विभाग लाट म्हणतो. साडेसहा अंश किंवा त्याहून अधिक खाली गेला तर तीव्र लाट. सरासरी न बघता पारा चारवर आला तरी लाट, दोनवर आला तर तीव्र. म्हणजे बोचरी प्रत्येक पहाट लाट नसते. जुने विक्रमही नजरेसमोर असावेत : पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश, नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश, मुंबईत सांताक्रूझला २७ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश. ‘असली थंडी बापजन्मी पाहिली नाही’ असे दर हिवाळ्यात कुणीतरी म्हणते. वही असली की ते पडताळता येते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात किमान तापमानाच्या आकड्यावर पैसे मिळायचे की नाही हे ठरते, तेव्हा मंडळातल्या केंद्राचा आकडा आणि बागेतला आकडा यांतला फरक दाखवणारी, सलग काही हिवाळ्यांची, तारखेवार नोंद गावाच्या हातात असणे फार मोलाचे आहे. विमा कंपनी तुमची वही लगेच मान्य करणार नाही. पण नवे केंद्र कुठे बसवावे हे मागायला गेलात तर बोलायला काहीतरी असेल.

पुढील प्रकरणांचा क्रम याच हिशेबाने लावला आहे. आधी आकाश, मग वारा, मग जमीन, मग पीक. घाई असलेल्याने थेट जमिनीचे प्रकरण उघडावे. तापमापक तीन लागतील : एक सावलीत, चार फुटांवर, झडपांच्या पेटीत, एक उघड्या रानात वीतभर उंचीवर, आणि एक द्राक्षाच्या मांडवाच्या उंचीला. आधी तिन्ही एका बादलीतल्या पाण्यात एकत्र बुडवून त्यांचे आकडे जुळतात का ते पाहावे, नाहीतर फरक हवेचा की काचेचा हे कळणार नाही. शक्य असेल तर असा एक संच खोऱ्याच्या तळाला आणि दुसरा डोंगराच्या मधल्या उतारावर ठेवावा. नोंद कार्तिक संपताना सुरू करावी आणि होळीपर्यंत एकही दिवस सोडू नये. आभाळ भरलेल्या, उबदार, कंटाळवाण्या रात्रीही लिहाव्यात, कारण त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय निरभ्र रात्रीचा आकडा किती खाली आहे ते समजत नाही. तारीख, तीन आकडे, वारा, ढग, दव की हिमकण, आणि शेवटच्या रकान्यात पिकाची अवस्था. हा शेवटचा रकाना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून भरावा.